एका भागासाठी सारे यंत्र?

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, एखाद्या नव्या पुलाच्या रचनेवरही वर्तमानपत्रांतून वाद झडतात. रोजच्या वापरातल्या यंत्राच्या वाट्याला मात्र असे परीक्षण क्वचितच येते. लॅपटॉपविषयी जे छापून येते त्यात प्रोसेसरचा वेग, पडद्याचा आकार, वजन आणि किंमत यांची कोष्टके असतात. ही सारी माहिती यंत्राच्या पहिल्या दिवसाची झाली. तीन वर्षांनी बॅटरी दमली, पाच वर्षांनी पंखा खरखरू लागला किंवा रॅम अपुरी पडू लागली, तर काय करता येईल हे कोष्टकात लिहिलेले नसते. शाळेच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न आहे. शाळेला लॅपटॉप देणगीतून, अनुदानातून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून एकदा मिळतो. दुसरा कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून या लेखात लॅपटॉपची अंतर्गत रचना हीच एक कृती मानून तिचे परीक्षण करू. परीक्षणाला कसोटी हवी. आपली कसोटी अशी: यंत्राच्या वेगवेगळ्या भागांची आयुष्ये रचनाकाराने एकमेकांपासून मोकळी ठेवली आहेत, की एकमेकांच्या गळ्यात बांधली आहेत?

आयुष्ये वेगवेगळी

बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली की लोहार नवी धाव चढवतो. आरा मोडला तर सुतार नवा आरा बसवतो. धाव झिजली म्हणून कोणी गाडी मोडीत काढत नाही. धाव, आरे, आस आणि जू यांची झीज सारख्या वेगाने होत नाही हे गाडी बांधणाऱ्याला ठाऊक असते, आणि जो भाग लवकर झिजणार तो सहज निघेल अशी योजना तो आधीच करून ठेवतो.

लॅपटॉपमध्येही असेच आहे. त्यातला सर्वांत अल्पायुषी भाग म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीत प्रत्येक चार्जबरोबर विद्युतअग्रांवर नको असलेल्या रासायनिक क्रिया थोड्या थोड्या होत राहतात आणि साठवणक्षमता घटत जाते. बॅटरीच्या दर्जानुसार साधारण ३०० ते १००० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्केच क्षमता उरते. उष्णतेत आणि सतत पूर्ण चार्ज अवस्थेत ठेवल्यास ही घट अधिक लवकर होते. त्यानंतर नंबर लागतो हलणाऱ्या भागांचा: पंखा, बिजागऱ्या, कीबोर्ड, जुन्या यंत्रांत हार्ड डिस्क. प्रोसेसर आणि त्यावरचा उष्णतावाहक यांच्यामधली थर्मल पेस्टही काही वर्षांनी सुकते आणि यंत्र तापू लागते. एसएसडीत हलणारे काही नसते, पण तिच्या पेशींवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. रॅमच्या चिप्स मात्र सहसा झिजत नाहीत. त्यांची अडचण निराळी आहे: त्या चांगल्या चालत असतात, पण नव्या प्रणालींना पुरत नाहीत. मदरबोर्ड, पडदा आणि धातूचे आवरण हे भाग नीट वापरले तर दहा वर्षेही टिकू शकतात.

म्हणजे दोन-तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची आयुष्ये एकाच डबीत नांदतात. चांगल्या रचनेत प्रत्येक भाग आपापल्या वेळी निवृत्त होतो. वाईट रचनेत सर्वांत आधी निवृत्त होणारा भाग बाकीच्यांनाही बरोबर नेतो.

एकाच वर्षातल्या दोन रचना

ही कसोटी लावून पाहायला एक उत्तम जोडी उपलब्ध आहे. ॲपल कंपनीने जून २०१२ मध्ये १५ इंची पडद्याचे दोन ‘मॅकबुक प्रो’ बाजारात आणले. एक जुन्या घडणीचा, दुसरा ‘रेटिना’ पडद्याचा. कंपनी एक, वर्ष एक, प्रोसेसरची पिढीही एक.

पहिल्याची जाडी २.४ सेंमी आणि वजन अडीच किलोच्या वर. खालच्या झाकणाचे साधे स्क्रू काढले की रॅमच्या दोन खाचा समोर दिसत. जुनी पट्टी काढून नवी बसवणे हे पाच मिनिटांचे काम होते आणि त्याची कृती कंपनीने पुस्तिकेतच दिली होती. हार्ड डिस्क बाजारात कोठेही मिळणाऱ्या मापाची होती. बॅटरी आत असली तरी स्क्रूंनी धरलेली होती.

दुसऱ्याची जाडी १.८ सेंमी आणि वजन २.०२ किलो. झाकणाला पाच पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू होते. साधा स्क्रू-ड्रायव्हर त्यांना लागत नसे. रॅमच्या चिप्स मदरबोर्डवर थेट डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवल्या होत्या. ८ जीबी घेतलेल्याला पुढे कधीही १६ जीबी करता येणार नव्हते. बॅटरी वरच्या आवरणाला चिकटद्रव्याने चिकटवलेली होती. एसएसडी सुटी होती, पण तिची जोडणी प्रचलित मापाची नव्हती. दुरुस्तीच्या मार्गदर्शिका प्रसिद्ध करणाऱ्या ‘आयफिक्सिट’ या अमेरिकी संस्थेने या यंत्राला दुरुस्तीसुलभतेसाठी १० पैकी १ गुण दिला.

बॅटरी चिकटवल्याचा परिणाम पाहा. कंपनीच्या सेवाकेंद्रात बॅटरी बदलायची म्हणजे बॅटरी चिकटलेले संपूर्ण वरचे आवरण कीबोर्डासह बदलायचे, अशी पद्धत पडली. बॅटरीच्या झिजेने धडधाकट कीबोर्डही बाद होऊ लागला. पुढे याच्या उलटही घडले. २०१५ पासून कंपनीने अतिशय पातळ असा ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड वापरला. धुळीच्या कणानेही त्याची कळ अडकू शके. तक्रारी इतक्या वाढल्या की जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. एकटी कळ दुरुस्त होण्यासारखी नसेल तेव्हा कीबोर्डाबरोबर आवरण आणि बॅटरी असा सगळा संच बदलला जाई. एका कणापायी चांगली बॅटरीही गेली! नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या १६ इंची यंत्रात कंपनी पुन्हा जुन्या धाटणीच्या कळांकडे वळली.

या रचनेचे श्रेय नाकारायचे कारण नाही. अर्धा किलो वजन कमी झाले, पडदा त्या काळी अपूर्व होता. रोज पाठीवर यंत्र वाहणाऱ्याला अर्ध्या किलोचे मोल कळते. पण त्या अर्ध्या किलोची किंमत कोणी आणि केव्हा मोजली? खरेदीच्या दिवशी ती कोणालाच दिसली नाही. ती चार-पाच वर्षांनी, यंत्र दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेल्यावर दिसली. हा दोष एकाच कंपनीच्या माथी मारणेही योग्य नाही. २०१२ मध्येच आलेल्या लेनोव्होच्या ‘थिंकपॅड एक्स१ कार्बन’मध्येही रॅम सोल्डर केलेली होती. पातळपणाची स्पर्धा साऱ्यांनीच लावली होती.

बचाव पक्षाचे म्हणणे

‘वेग हवा असेल तर रॅम सोल्डर करावीच लागते’ असे उत्पादक सांगतात. हे विधान तपासण्यासाठी अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषेतून विद्युतसंकेत प्रकाशाच्या सुमारे निम्म्या वेगाने, म्हणजे एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंमी जातो. २०१२ च्या रॅममध्ये प्रत्येक रेषेतून सेकंदाला १६० कोटी बिट जात. म्हणजे एका बिटाला ०.६२५ नॅनोसेकंद मिळे आणि तेवढ्या वेळात संकेत सुमारे ९ सेंमी अंतर कापी. प्रोसेसरपासून खाचेपर्यंतचे अंतर त्या मानाने अडचणीचे नव्हते. आता सेकंदाला ७५० कोटी बिट नेणारी आधुनिक रॅम घ्या. एका बिटाला मिळतात ०.१३३ नॅनोसेकंद, तेवढ्यात संकेत जेमतेम २ सेंमी जातो. पहिला बिट खाचेपाशी पोहोचण्यापूर्वीच मागून दुसरा, तिसरा निघालेला असतो. खाचेतल्या धातूच्या प्रत्येक स्पर्शबिंदूवर संकेताचा काही अंश परावर्तित होतो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. त्यातच वीज वाचवण्यासाठी विद्युतदाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे ० आणि १ यांतला फरकच अर्ध्या व्होल्टच्या आसपास उरतो. रेषा आखूड आणि अखंड असली तर हे साधते. म्हणजे आजच्या वेगवान रॅमपुरता उत्पादकांचा मुद्दा खरा आहे.

पण २०१२ च्या जोडीकडे पुन्हा पाहा. जुन्या घडणीच्या यंत्रातली खाचेतली रॅम आणि रेटिना यंत्रातली सोल्डर केलेली रॅम या दोहोंचा वेग सारखाच होता: सेकंदाला १६० कोटी बिट. खाच काढली ती वेगासाठी नव्हे, काही मिलिमीटर जाडीसाठी. वेगाचे कारण पुढे काही वर्षांनी खरे ठरले. निर्णय मात्र आधीच झाला होता.

हाच हिशेब इतर भागांना लावू. बॅटरीतून एकदिश प्रवाह येतो. तिला नॅनोसेकंदाच्या अंशाशी काही देणेघेणे नाही. तेव्हा ती चिकटवण्याला वेगाचे कारण पुढे करता येत नाही. एसएसडीचे काय? प्रचलित ‘एम.२’ खाचेतून चौथ्या पिढीच्या एसएसडीच्या प्रत्येक मार्गिकेवर सेकंदाला १६०० कोटी बिट जातात आणि ती पट्टी एका स्क्रूवर धरलेली असते. म्हणजे एसएसडी सोल्डर करण्यालाही वेगाचा आधार नाही. शिवाय एसएसडी बोर्डावरच असली आणि बोर्ड जळला, तर त्याबरोबर गुणपत्रके, प्रश्नसंच आणि वर्षानुवर्षांच्या नोंदीही जातात. सुटी पट्टी असेल तर ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते.

खाच आहे, पण कुलूपही आहे

दुरुस्तीच्या बाजूने बोलणारे थिंकपॅडचे उदाहरण हमखास देतात, आणि ते बऱ्याच अंशी रास्त आहे. आयबीएमने १९९२ मध्ये सुरू केलेली ही मालिका २००५ मध्ये लेनोव्होकडे गेली. प्रत्येक यंत्राची देखभाल-पुस्तिका कोणालाही वाचता येईल अशी प्रसिद्ध केलेली असते. कोणता भाग आधी काढायचा, कोणता स्क्रू किती लांबीचा, हे त्यात चित्रांसह दिलेले असते आणि सुट्या भागाला क्रमांक असतो. जुन्या थिंकपॅडच्या तळावर तर कोणता स्क्रू कीबोर्डाचा आणि कोणता रॅमचा हे दाखवणारी इवलीशी चित्रेही कोरलेली होती. वापरणारा यंत्र उघडणार हे रचनाकाराने गृहीत धरलेले होते.

मात्र याच यंत्रांच्या अनेक पिढ्यांत एक विचित्र अडसर होता. वाय-फायचे कार्ड सुटे होते, खाच प्रमाणित होती; तरीही मंजूर यादीबाहेरचे कार्ड बसवले की यंत्र सुरूच होत नसे. पडद्यावर १८०२ क्रमांकाचा संदेश येई आणि कार्ड काढा असे यंत्र बजावी. रेडिओ उपकरणांच्या शासकीय मान्यतेचे कारण त्यामागे दिले जाई. कारण काहीही असो, स्क्रूने मोकळा ठेवलेला भाग सॉफ्टवेअरने बांधून टाकता येतो हा त्यातला धडा. झाकण उघडते एवढ्यावरून यंत्र खुले आहे असे मानता येत नाही.

फ्रेमवर्कचा प्रयोग

या साऱ्याला उत्तर म्हणून निरव पटेल यांच्या ‘फ्रेमवर्क’ या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये आपला पहिला लॅपटॉप आणला. खोक्यातच स्क्रू-ड्रायव्हर. तळाचे स्क्रू सैल होतात, पण सुटून हरवत नाहीत. पडद्याची चौकट चुंबकांवर बसते. रॅम आणि एसएसडी खाचेत, बॅटरी स्क्रूंवर. भागांवर छापलेल्या संकेतचौकोनावरून त्या भागाची माहिती मिळते. आयफिक्सिटने त्याला १० पैकी १० गुण दिले.

आपल्या कसोटीने पाहता यातली मोठी गोष्ट वेगळीच आहे. लॅपटॉपचा प्रोसेसर आता बोर्डावर सोल्डर केलेलाच येतो. तो एकटा बदलता येत नाही. फ्रेमवर्कने ही मर्यादा मान्य करून पूर्ण मदरबोर्डच बदलण्याजोगा केला. २०२१ च्या आवरणात त्यानंतरच्या पिढ्यांचे बोर्ड बसत गेले. बोर्डाची मापेही कंपनीने खुली केली आणि डीपकॉम्प्युटिंग या दुसऱ्या कंपनीने त्याच आवरणात मावणारा, निराळ्या जातीच्या प्रोसेसरचा बोर्ड तयार केला. टेबलावरच्या संगणकांना इंटेलने १९९५ मध्ये ठरवलेल्या ‘एटीएक्स’ मापामुळे जे सहज मिळाले, ते लॅपटॉपला इतक्या उशिराने आणि एका लहान कंपनीपुरतेच मिळाले.

पण स्तुतीही तपासून घ्यावी. याच कंपनीने २०२५ मध्ये टेबलावरचा एक छोटा संगणक जाहीर केला, त्यात रॅम सोल्डर केलेली होती. निवडलेल्या प्रोसेसरला फार रुंद आणि वेगवान रॅममार्ग लागत होता. सुटी रॅम वापरून संकेताची शुद्धता टिकवता आली नाही, असे कंपनीने सांगितले. दुरुस्तीचा झेंडा घेतलेल्यांनाही वर पाहिलेले दोन सेंटिमीटर चुकले नाहीत. फरक एवढाच की त्यांनी कारण उघड सांगितले.

कोंडी फोडण्याचा प्रयत्न चालू आहे. रॅमची पट्टी तिरकी खोचण्याऐवजी प्रोसेसरजवळ आडवी ठेवून स्क्रूंनी दाबून बसवायची, अशी रचना डेल कंपनीने २०२२ मध्ये आणली. रॅमची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर आधारित ‘कॅम२’ हे मानक प्रसिद्ध केले. २०२४ च्या ‘थिंकपॅड पी१’मध्ये ही कमी विजेची, वेगवान आणि तरीही सुटी रॅम प्रत्यक्ष आली. याचा अर्थ असा की भौतिकशास्त्राने घातलेली अडचण खरी होती, पण कायमची नव्हती. ती सोडवावी असे कोणाला तरी वाटावे लागले.

वर्गात काय करता येईल?

संगणकाच्या पुस्तकात भागांची नावे आणि बाणांची आकृती असते. विद्यार्थी नावे पाठ करतो आणि यंत्र बंदच राहते. बंद पडलेला एखादा जुना लॅपटॉप घेऊन पुढील तीन प्रश्नांची उत्तरे मुलांना शोधू द्यावीत. बॅटरी, पंखा, रॅम आणि एसएसडी यांपैकी प्रत्येकापर्यंत पोहोचण्यासाठी किती स्क्रू व किती इतर भाग काढावे लागतात? कोणते भाग एकत्रच निघतात? आणि निघालेला भाग जवळच्या बाजारात, दुसऱ्या कंपनीचाही, मिळू शकतो का? मिळालेले आकडे फळ्यावर मांडले की ते त्या यंत्राचे परीक्षणच झाले.

काही पथ्ये पाळावीत. चार्जर काढून यंत्र पूर्ण बंद करावे, झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. स्क्रू ज्या जागचे त्या जागी कागदावर काढलेल्या आकृतीत चिकटवून ठेवावेत. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाला इजा होते. भागांना हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. आपल्याला जाणवणारा स्थिर विजेचा झटका दोन-तीन हजार व्होल्टचा असतो. चिपला त्याहून फार कमी दाबही पुरतो. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र प्रयोग थांबवावा. ती दाबू नये, टोचू नये, चिकटवलेली असल्यास पात्याने उचकटू नये. आत आग लागू शकते. ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावी.

कायद्याचीही थोडी दखल घ्यावी. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचा १० पैकी गुण छापणे सुरू झाले. माहितीपुस्तिका, उघडण्याची सोय, सुट्या भागांची उपलब्धता आणि त्यांची किंमत हेही त्यात मोजले जाते. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. पण शाळेने खरेदीच्या वेळी प्रश्न विचारण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. रॅमला खाच आहे का, बॅटरी स्क्रूवर आहे का, देखभाल-पुस्तिका मिळते का, एवढे तीन प्रश्न दरपत्रक मागवतानाच लिहिता येतात.

आपल्या कसोटीची मर्यादाही सांगायला हवी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढच्या आवृत्तीसाठी अनेक जुने प्रोसेसर अपात्र ठरले. अशा यंत्राला नवी रॅम आणि एसएसडी घालूनही ते अपात्रच राहते. त्यावर लिनक्ससारखी दुसरी प्रणाली बसवावी लागते. म्हणजे यंत्रातले सर्वांत अल्पायुषी अंग काही वेळा सॉफ्टवेअर असते, आणि ते कोणत्याही स्क्रूने सुटत नाही.

तरीही निष्कर्ष स्पष्ट आहे. सोल्डर केलेल्या वेगवान रॅमला भौतिकशास्त्राचा आधार आहे. तो मान्य करून कॅम२ सारख्या उपायांचा आग्रह धरावा. चिकटवलेली बॅटरी, कीबोर्डाशी जखडलेले आवरण, सोल्डर केलेली एसएसडी आणि यादीबाहेरचे कार्ड नाकारणारे सॉफ्टवेअर यांना मात्र तसा आधार नाही. ते निर्णय माणसांनी, बाजाराकडे पाहून घेतलेले आहेत. ग्राहकांनी विचारले तर ते बदलतात हे कळांच्या बाबतीत २०१९ मध्ये दिसलेच. लॅपटॉप घडवण्यातच बरीचशी ऊर्जा आणि खनिजे खर्ची पडलेली असतात. ज्या यंत्राचा एक भाग थकला, त्याचे बाकीचे भाग आपले आयुष्य पूर्ण करू शकले पाहिजेत. लॅपटॉपला गुण देताना ही अट आपण पहिल्या क्रमांकावर ठेवावी.